गिरणाकाठी वाइनची द्राक्षं रुजवणाऱ्या इंदूअक्का

इंदूअक्का पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. आमची ओळख मात्र माझ्या नकाराने झाली. मी तेव्हा चाळीसगावला कृषी सहायक होतो. गिरणाकाठच्या आपल्या कापसाच्या रानात वाइनची द्राक्षं लावायची, असा विचार घेऊन अक्का कार्यालयात आल्या. "खानदेशच्या उन्हात ती टिकणार नाहीत," मी ठामपणे सांगितलं. ऊन काय सगळ्यांनाच असतं, अशा सुरात त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ऊन तर बठ्ठासले शे. वेलले सावली आम्ही करसूत."

महिन्याभरात शेतात तारा ताणल्या गेल्या. मावळतीकडची पानं राखली की घडांवर सावली राहते, हे अक्कांनी कुठूनसं शिकून घेतलं होतं. शेजारच्या चार शेतकरी बायकांनाही त्यांनी सोबत घेतलं. गावाने 'दारूची शेती' म्हणून नावं ठेवली. अक्कांनी वेल वाढवले. मीही हळूहळू त्यांच्या बाजूचा झालो.

पहिल्या तोडणीची वेळ मी ठरवली, तीही सकाळी उशिराची. काम दुपारपर्यंत लांबलं. नाशिककडच्या वाइनरीत पोहोचेपर्यंत फळं तापून फुटली होती, आंबूस वास सुटला होता. गाडी तशीच परत आली. "उपटून टाका हे वेल!" त्या चौघींपैकी मंगलाताई कडाडल्या. "दुपारपर्यंत तोडा असं सांगितलं कोणी?"

मी तोंड उघडण्याआधीच अक्का म्हणाल्या, "येळ मी सांगेल व्हती."

नंतर मला बाजूला घेऊन एवढंच बोलल्या, "चूक व्हयनी. पन आते पयू नका." ती चूक माझी होती, हे मी आज प्रथमच सर्वांसमोर कबूल करतो.

मी पळालो नाही. पुढच्या हंगामात उजाडताच तोडणी सुरू झाली आणि ऊन चढायच्या आत गाडी निघाली. गाडीसोबत अक्कांनी मुद्दाम मंगलाताईंनाच पाठवलं. दुपारी त्यांचा फोन आला, "अक्का, माल घेतला!" अक्कांनी फोन माझ्या हाती दिला आणि पदराने डोळे पुसले.

आज चाळीसगावपासून धुळ्यापर्यंत काळ्या द्राक्षांच्या बागा दिसू लागल्या आहेत. नवी लावण करणारा आधी अक्कांच्या ओट्यावर येतो आणि चहाबरोबर दोन खडे बोलही घेऊन जातो.

गेल्याच महिन्यात अक्कांनी धुळ्याकडच्या माळावर नवी रोपं लावली. "फळ यायला तीन वर्षं लागतील," मी म्हणालो. त्या हसल्या, "मंग? मी कोठे जाई ऱ्हायनू?"

अक्का, कुठेही जाऊ नका. त्या माळावरची पहिली तोडणी तुमच्याच हातची होवो, आणि तेव्हाही तुमच्या डोक्यात पुढच्या माळाची आखणी चालू असो.