पायाळू मुलीचा बाप

"तुमच्या वडिलांची पाठ कशी होती?" माझा एमआरआय बघता बघता डॉक्टरांनी विचारलं. परळच्या हॉस्पिटलात सकाळपासून बाकावर बसलेल्या माणसाला स्वतःच्या पाठीबद्दल ऐकायचं असतं. मला राग आला.

डिस्क डिजनरेशन, म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या झिजणं. माझी एक गादी सरकून नस दाबत होती. वडील गिरणीत होते, चाळिशीतच वाकले. आम्ही मशीनला दोष दिला. मी हिंदमाताच्या साडीबाजारात दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडतो. माझ्या वेळी दोष साड्यांना दिला.

डॉक्टर म्हणाले, कामाचा वाटा असतोच. पण माझ्या रक्तात एक मार्कर, म्हणजे तपासणीत मोजता येणारी खूण, चढा निघाला होता. "जनुकांच्या अभ्यासातून पुरावा मिळतोय. हा मार्कर चढा राहण्याचा कल जन्मतःच असेल, तर डिस्क लवकर झिजू शकते. झिजेलच असं नाही." शेवटचं वाक्य तेवढं उराशी धरून मी घरी आलो.

खरं तर दुखणं जुनं होतं. माझी मुलगी सायली पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाची लाथ लागली की पाठीतली उसण जाते, असं आमच्याकडे मानतात. लालबागच्या आमच्या चाळीत तिला लहानपणापासून मागणी. आई म्हणायची, "डॉक्टराक काय कळता? सायलीक बोलव." मीही पालथा पडून लेकीच्या लाथा खात राहिलो. पाय बधिर झाला तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं. तुम्ही एवढं थांबू नका. पायाला मुंग्या येतात, जोर कमी वाटतो, तर लगेच दाखवा.

ऑपरेशन झालं. कळ गेली, पण पाय पूर्ण जागा झालेला नाही. चालताना चप्पल निसटते आणि मला कळतही नाही.

परवा शेजारच्या काकू उसण भरली म्हणून आल्या. सायलीने भिंत धरून पाय उचलला आणि तशीच थांबली. दुसरा हात कमरेवर गेला होता. काकू गेल्यावर मी विचारलं, कधीपासून?

"बारावीपासून. तुमचंच चाललेलं ना पप्पा, म्हणून नाय बोलले."

साऱ्या चाळीच्या पाठी तिने बऱ्या केल्या म्हणे. तिच्या पाठीला हात लावायचीही मला भीती वाटली.

उद्या त्याच बाकावर आम्ही दोघं बसणार आहोत. डॉक्टर तिला वडिलांच्या पाठीबद्दल विचारतील. उत्तर द्यायला या वेळी वडील शेजारीच असतील.