सावडीला न आलेल्या बाई

बाई कुणाच्याही घरी गेल्या की ओटीवर टेकत नसत. सरळ आत जाऊन चुलीवर तळहात धरत आणि विचारत, "कधी विझली ही?" घरातली बाई गोंधळून जायची. पण तिच्या उत्तरावरून ती शेतावर कधी निघते, मुलं काय खाऊन शाळेत जातात, हे सगळं बाई काढून घेत. पोशीरला आमच्या घरीही त्यांनी हेच केलं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "येवडी शिकलेली बाय, आन् चुलीत हात घालती!"

मी तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होते. गृहविज्ञानाचं कॉलेज नवंच निघालेलं. गावात विचारत, "रांधायला शिकाया कालेज कशाला गं?" मलाही उत्तर सुचायचं नाही. बाईंनी ते पहिल्याच तासाला दिलं. "शिवणटिपण शिकायचं असेल तर आपापल्या आईकडे जा. इथे आपण घराचा कारभार शिकणार आहोत. आणि शेतकऱ्याचं घर उंबऱ्यापाशी संपत नाही." आपला विषय एकदम महत्त्वाचा वाटायला लावणारी अशी एखादी शिक्षिका तुम्हालाही भेटली असेल.

शेजारच्या इमारतीत शेतीचं अर्थशास्त्र शिकवत. तिथे सगळे पुरुष. भाताचा खर्च काढताना ते मजुरी धरत, पण आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्या बायका माझ्या शेतात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. तिथले विभागप्रमुख एका चर्चेत म्हणाले, "पैसे दिले नाहीत, म्हणजे खर्च झाला नाही." बाई उठून उभ्या राहिल्या. "मग एक वर्ष या बायका घरी बसू देत, सर. तुमचं भात कोण लावतं ते बघू." पोरांनीसुद्धा बाकं वाजवली.

पदवी झाल्यावर बाईंनी मला हाताखाली घेतलं. दोन्ही विभागांनी मिळून शेतकरी कुटुंबाचं अर्थशास्त्र शिकवावं आणि त्याला जोडून गावातल्या बायकांसाठी बियाणं, खत, सोसायटीचं कर्ज यांचा वर्ग काढावा, अशी त्यांची योजना होती. असे वर्ग तोवर सातबारावर नाव असलेल्यांनाच मिळत, म्हणजे पुरुषांना. "विषय तू शिकवायचास," बाई मला म्हणाल्या, "आणि वर्गात पहिल्या बसतील त्या पोशीरच्या बायका."

त्यासाठी बायकांच्या कामाची पाहणी हवी होती. आमच्या शेजारच्या पारूकाकीने सावडीतल्या सगळ्यांना तयार केलं. कॉलेजच्या मुली बांधावर उभ्या राहून विचारत, या खाली वाकलेल्या उत्तरं देत. एकीने विचारलं, "मावशी, वाकून वाकून कंबर दुखते का हो?" पारूकाकी मान वर न करता म्हणाली, "नाय गं बाय. आमी हितं हवा खाया आलोय."

हसल्या, पण उत्तरं दिली. नवऱ्यांची बोलणी खाऊन दिली. कारण पुढे वर्ग होता, आणि वर्गाचा शब्द माझ्या तोंडून गेलेला होता.

विद्यापीठाच्या बैठकीत पाहणी मांडायला बाईंनी मलाच उभं केलं. मी जीव तोडून बोलले. शेवटी वर्ग मागितला, संयुक्त विषय मागितला. अर्थशास्त्राचे ते प्रमुख सावकाश म्हणाले, "सावड ही गावची रीत झाली. ते काही अर्थशास्त्र नव्हे." मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"सरांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "शेत त्यांच्याकडे राहू दे. आम्ही घर सांभाळतो."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. त्यांनी काही लपवलं नाही. "आपल्याला स्वतंत्र विभाग मिळतोय. इमारत, प्रयोगशाळा. हे आधीच ठरलं होतं."

"आणि पोशीरच्या बायका?"

"त्यांनाही वर्ग आहे ना. लोणची, मुरंबे, भरतकाम."

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं, बाई."

"सांगितलं असतं तर तू इतकं चांगलं बोलली नसतीस. तू एवढं मागितलंस, म्हणून त्यांना मला एवढं तरी द्यावं लागलं."

हे त्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं. खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

पोशीरला मी एकटीच गेले. ऐकून पारूकाकी म्हणाली, "भरतकाम कुटं करायचं गं? भाताच्या पातीवर?" सगळ्या खो खो हसल्या. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आमी तिच्या शेतात जाऊन आलो. आमची पाळी आली तवा ती आली नाय."

मी नोकरी सोडली आणि मोहोपाड्याला शाळेत लागले. बाई विभागप्रमुख झाल्या. इमारत चांगली झाली, तिथून शिकून कितीतरी मुली पायावर उभ्या राहिल्या, हेही सांगितलं पाहिजे. बाईंचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मीही व्यवहारी बाई आहे, मला ते कळतं. पण मी पुन्हा त्यांना भेटले नाही.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पोशीरला जाऊन पारूकाकीला सांगितलं. ती आता थकली आहे. सुपातले तांदूळ निवडायचे थांबवून ती म्हणाली, "मंग आता सांगाया हरकत नाय. ती आलती एकदा. तू शाळंला लागल्यावर."

"कोण? बाई?"

"लावनी चालली व्हती. बांधावर उबी ऱ्हायली छत्री धरून. मी म्हटलं, उतरा की बाय. तर चपला काडल्या, हातात धरल्या, आन् तशीच उबी. उतरली नाय. जेवाया बोलवली तर म्हनली, मी लावनी केली नाय, मी कशी जेवू? आन् गेली."

मी सूप माझ्याकडे ओढून खडे निवडू लागले.

"तुला सांगू नका म्हनली."

"म्हणून इतकी वर्षं बोलली नाहीस, काकी?"

"तिच्यासाठी नाय गं." पारूकाकीने सूप पुन्हा जवळ ओढलं. "तुला कळलं असतं तर तू पळत गेली असतीस तिच्याकडं. आमचा राग तू परस्पर मिटवला असतास."