आवाज हजर, माणूस गैरहजर

ती घटना आठवली की आजही मी आधी चालू रेडिओ बंद करतो आणि मगच पुढचे बोलतो. घरचे हसतात. हसोत बापडे.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या, बांधावरची भांडणे आणि बिबट्या दिसल्याचे फोन हा आमचा रोजचा रतीब. त्यात एके सकाळी एका मोठ्या रेडिओ कंपनीचे विभागीय व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले.

आणे पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांचे केंद्र होते. मूळचे ते गावातल्याच एका संस्थेचे. कंपनीने ते विकत घेतले होते. व्यवस्थापकांचे म्हणणे सरळ होते. आदल्या संध्याकाळी निवेदिकेने स्टुडिओत बसून कार्यक्रम थेट सादर केला, सातला संपवला. आठ वाजता त्यांचा माणूस गेला तर स्टुडिओतली ध्वनिमुद्रणाची महागडी यंत्रे गायब. कुलूप शाबूत. किल्ली निवेदिकेकडे.

गुन्हा दाखल केला, पंचनामा केला आणि निवेदिकेला चौकशीसाठी बोलावले. एसटीच्या निवृत्त कंडक्टरची मुलगी. तिच्या आवाजाशिवाय त्या भागात गाईची धार निघत नसे, असे लोक गमतीने म्हणत. महिला शिपायासमोर ती खाली मान घालून एकच वाक्य बोलत राहिली, “साहेब, मी घरी होते.” साक्षीला फक्त आई. उलट सगळे गाव सांगत होते की ती त्या वेळी रेडिओवर बोलत होती, मध्येमध्ये किती वाजले तेही सांगत होती. मोबाईलचे लोकेशन निरुपयोगी, कारण घर आणि स्टुडिओ एकाच टॉवरखाली. त्यात आदल्या दुपारी तिने पुण्याच्या एका नंबरवर पुन्हापुन्हा फोन केल्याचे दिसले. माल घ्यायला कुणाला बोलावले असेल, असा आमच्या हवालदारांचा कयास. बाहेर तिचे वडील बाकावर बसून होते. पाणी दिले तर घेईनात. अटक झाली असती तर मुलगी सुटली असती एखाद वेळेस, नाव मात्र सुटले नसते. गावात चोर हा शब्द फार टिकाऊ असतो.

दुपारी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी आवाज चढला. पांढऱ्या टोपीतले एक शेतकरी उभे होते. गावातले सत्तरी ओलांडलेले गुरुजी आदल्या दिवशी पहाटे वारले, त्यांचे हे धाकटे भाऊ. अंमलदार त्यांना, ही पोलिसांत देण्याची तक्रार नव्हे, असे समजावत होता. मी आत बोलावले.

“सायेब, त्या रेडिओवालीनं आमच्या दुःखाची थट्टा केली बगा,” ते म्हणाले. “दादानंच तिला शाळंत पयल्यांदा माइकपुढं हुबी केली व्हती. काल दुपारी मयतीला आली, लई रडली. आन् संध्याकाळी शेजारीण पिठलं-भाकरी घिऊन आली, तर तिच्या घरातला रेडिओ म्हनतोय, गुरुजींना वाढदिवसाच्या शुभेच्छा, शंभर वर्षं जगा! माणूस हाय का कोन?”

“वाढदिवस कालच होता?”

“व्हता. नातवानं रेडिओला आधीच चिठ्ठी पाठवलेली. पर तिला ठावं न्हवतं का? सोता राखंपातुर थांबली व्हती.”

ते तिच्याविरुद्ध तक्रार द्यायला आले होते. तिच्या बाजूने इतका पक्का साक्षीदार दुसरा मिळाला नसता. दुपारी ज्याच्या चितेपाशी रडली, त्याच्यासाठी संध्याकाळी कोणी शंभर वर्षांचे आयुष्य मागत नाही. बोलणारी तिथे नव्हतीच.

मुलीसमोर बसून मी एवढेच विचारले, “बाळ, गुरुजींना शुभेच्छा कधी दिल्यास?” तेव्हा तिचा बांध फुटला.

“ते जायच्या आदल्या दिवशी, साहेब. दोन-तीन दिवसांचे कार्यक्रम एकदम रेकॉर्ड करून घेतात. लागतं पुण्याच्या कॉम्प्युटरवरून. स्मशानातून आल्यावर आठवलं. एवढं वाक्य काढा म्हणून फोनवर फोन केले, कोणी उचलला नाही. घरात बसून माझंच ऐकत होते.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“रेकॉर्डिंग आहे असं बाहेर कळलं तर नोकरी जाईल, असं बजावलंय. दुकानदार थेट कार्यक्रम म्हणून जाहिराती देतात ना.”

आता व्यवस्थापकांना पुन्हा बोलावले. चहा मागवला. माझा अनुभव असा की माणूस गुन्ह्याबद्दल गप्प बसतो, हुशारीबद्दल बसत नाही. मी त्यांच्या धंद्याचे कौतुक केले. गडी खुलला.

“लहान केंद्रं घ्यायची, स्टुडिओ हळूहळू बंद करायचे, सगळं एका जागेवरून चालवायचं. आवाज तेवढा गावातला ठेवायचा. खर्च एका ठिकाणचा, जाहिराती दहा गावांच्या.”

“आणि आवाजाची मालकीण?”

“तीच अडचण असते. लोकप्रिय माणसाला काढलं की तो दुसऱ्या केंद्रावर जातो. दुकानदार त्याच्या मागं जातात.”

“बदनाम झाला तर?”

त्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांचाच जबाब वाचून दाखवला, ‘कार्यक्रम थेट होता’. मग गुरुजींना रेडिओवरून दिलेल्या शुभेच्छा सांगितल्या आणि गुरुजी कधी गेले ते सांगितले. कार्यक्रम पुण्याहून लागत होता, त्याला स्टुडिओची गरज नव्हती, म्हणजे यंत्रे दिवसभरात कधीही हलवता आली असती. दुसरी किल्ली कंपनीकडे होतीच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. यंत्रे आंबेगाव तालुक्यातल्या त्यांच्याच केंद्रात सापडली, झाकण घालून नीट ठेवलेली. पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त केला. माणसे कमी करा असा वरचा आदेश होता, युक्ती माझी, असे व्यवस्थापकांनी कबूल केले. खोट्या फिर्यादीबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. कंपनीने स्टुडिओला मात्र कुलूप लावले ते लावलेच. कायद्याचा हात तिथवर पोहोचत नाही. त्याचा मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

या प्रकरणानंतर ‘ऐकले’ म्हणणाऱ्या साक्षीदाराला मी आधी ‘पाहिले का?’ हे विचारू लागलो. शंभर जणांनी ऐकलेली गोष्टही शिळी असू शकते.

गुरुजींच्या दशक्रियेला मी गेलो. आमच्याकडे दशक्रियेला अख्ख्या पंचक्रोशीचा माणूस लोटतो आणि श्रद्धांजली वाहायला एकेकाचे नाव माइकवरून पुकारतात. ती मुलगी वडिलांबरोबर पार मागे उभी होती. गुरुजींच्या भावाने तिला पाहिले आणि गर्दीतून वाट काढत हाताला धरून पुढे आणले. तिने माइक घेतला. 

“गुरुजी, त्या संध्याकाळी माझा आवाज आला होता,” ती म्हणाली. “मी आज आलेय.”

ती माइक परत देऊ लागली. गुरुजींच्या भावाने तो घेतला नाही.

“ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच,” ते म्हणाले. “पुढची नावं बी तूच पुकार.”