तळाचं पाणी

पद्माकर कर्णिकने वीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली आणि १९९६ साली, मुलगी इरा सात वर्षांची झाल्यावर, तो एकदाचा जमिनीवर नोकरीला लागला. सिंगापूरला क्वीन्सटाउनमध्ये फ्लॅट, समुद्राचं पाणी गोडं करणारी एक छोटी कंपनी आणि रोज संध्याकाळी घरी. त्याच्या बायकोला, मेधाला, स्वर्ग दोन बोटं उरला होता.

कंपनीनं एका धक्क्यावर चाचणीचं यंत्र बसवलं होतं. गोडं पाणी काढून उरलेलं अतिखारट पाणी नळानं परत समुद्रात जाई. त्यानं काही अपाय होतो का, हे बघायचं काम पद्माकरचं. त्यानं धक्क्यावरून बादली सोडली, वरचं पाणी तपासलं आणि ‘अपाय नाही’ म्हणून सही ठोकली. जहाजावरही असं खारट पाणी सोडून द्यायचं, विषय संपला. पण जहाज पुढे निघून जातं, हे यंत्र जागचं हलत नाही, हे या बहाद्दराच्या डोक्यातच आलं नाही!

महिन्याभरानं एका मोठ्या ओहोटीला त्याला नळाच्या तोंडापाशी समुद्रगवत काळं पडलेलं दिसलं. खारट पाणी जड, ते तळालाच बसणार. त्यानं बाटलीला वजन बांधलं, बुचाला दोरी बांधली आणि बाटली थेट तळाशी सोडून दोरीनं बूच ओढलं. पाणी दीडपट खारट निघालं.

"गुरुवारी क्लायंट करारावर सही करणार, लाह," हे ऐकून त्याचे साहेब मिस्टर लिम सिंगापुरी ढंगात म्हणाले. "तुझा इथं राहायचा पासही याच कामावर आहे. गप्प राहा."

घरी मेधा भडकली. "पुन्हा जहाजावर जायचंय का तुम्हाला?"

"नाही गं," तो म्हणाला आणि पत्र लिहायला बसला.

गुरुवारी त्यानं ते सगळ्यांसमोर वाचलं. नमुना मी चुकीचा घेतला, नळ खोल प्रवाहात नेईपर्यंत यंत्र बंद ठेवा. दुसऱ्याची चूक दाखवणारे पैशाला पासरी मिळतात. स्वतःच्या सहीवर काट मारणारा मला हा एकच भेटला.

यंत्र बंद झालं. महिनाअखेरीस त्याचा पासही संपला. जहाजावरची नोकरी मिळाली, नऊ महिन्यांची.

बॅग भरताना मेधाचे डोळे लाल होते. "त्या पत्राची प्रत आहे ना? मला द्या."

"कशाला?"

"इरा रोज विचारेल, बाबा घरी का नाहीत. वाचून दाखवीन."