सत्ताविसावा खड्डा

एकतीस वर्षं पहार चालवली, पण त्यांच्या एकाही खड्ड्याची कड कधी ढासळली नाही. म्हणून लोक त्यांना पहारकाका म्हणत. खणायची त्यांची रीत ठरलेली. आधी चार कोपरे, मग मधली माती. माती कडेपासून दोन हात लांब टाकायची. शेवटी उजव्या कोपऱ्यात पाऊल मावेल एवढी पायरी कोरायची. डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे वर यायचं ते उजव्या पायाच्या जोरावर.

गॅसची मोठी पाइपलाइन यायची ठरली, तेव्हा मार्गावर दर अर्ध्या किलोमीटरला खुंटी ठोकली गेली. प्रत्येक खुंटीपाशी पुरुषभर खोल खड्डा खणायचा, खाली खडक आहे की माती, पाणी लागतं की नाही ते सरकारी मंडळाला दाखवायचं आणि मगच परवानगी, असा नियम. कंपनीने खणायला काकांना बोलावलं. वीस खड्डे झाल्यावर इंजिनियर म्हणाला, "काका, आता आराम करा. पुढचे मशीन खणेल."

काका घरी आले. मशीन मात्र त्या बाजूला कुणाच्या दृष्टीस पडलं नाही.

सत्ताविसावी खुंटी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या घराच्या वरच्या अंगाला, उतारावर होती. तिथली जमीन बारा महिने ओली. तिथे चर खणला, तर सगळा उतार सरकून ताईच्या स्वयंपाकघरात येणार, हे काकांना न खणताही कळत होतं.

परवानगी देण्याआधी मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली. टेबलावर पांढरी चादर. हॉलमध्ये पंखा एकच, तोही मंडळाच्या तपासणी साहेबांकडे वळवलेला. आक्षेप अजून एकही ऐकला नव्हता, पण 'तपासणी पूर्ण'चा शिक्का शाईच्या पॅडशेजारी तयार होता.

भिंतीवर खड्ड्यांचे फोटो लावले होते. "बघ रे, तुझे खड्डे भिंतीवर चढलेत," ताई म्हणाली.

काका एकविसाव्या फोटोपासून तिसाव्यापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. प्रत्येक फोटोत पाटीवरचा आकडा वेगळा, खड्डा मात्र एकच. उजव्या कोपऱ्यात पायरी, पायरीच्या वर तुटकी मुळी. त्यांचाच विसावा खड्डा. फोटो काढणाऱ्याने जागा बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. पाटी तेवढी बदलली होती.

"साहेब, हे मशीनने खणलेत?" काकांनी उभं राहून विचारलं.

"अर्थात," इंजिनियरच बोलला.

"मग मशीनलाही गुडघेदुखी आहे वाटतं. दहा खड्डे, दहा पायऱ्या, आणि दहाही ठिकाणी तीच मुळी!"

हॉल खदखदून हसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे."

"ते नोंदवाच. पण सत्ताविसाव्याला पाणी लागतं. तुम्ही 'कोरडा' लिहिलंय."

"अहवाल आम्ही नीट तपासलाय."

"कुठे बसून?" ताईने विचारलं. तिने हातातली सुनावणीची नोटीस उलटी केली. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत नियम छापले होते. चष्मा नाकावर चढवून तिने मोठ्यानं वाचलं, "'तपासणी अधिकाऱ्याने खड्ड्याच्या तळाशी स्वतः उतरून माप घ्यावे.' तुम्ही उतरला होतात का हो, साहेब?"

साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियरने छताकडे पाहिलं. दीडशे माणसं उत्तराची वाट बघत बसली होती. शिक्का पेटीत गेला आणि सत्ताविसावा खड्डा खरोखर खणून साहेबांनी त्यात उतरायला गुरुवारची सकाळ ठरली.

गुरुवारी इंजिनियरने आल्या आल्या जाहीर केलं, "मशीन बिघडलंय." न आलेलं मशीन बिघडतं कसं, ते त्यालाच ठाऊक. काकांनी पहाटेच पहार लावली होती. साडेतीन फुटांवर झरा लागला. पुढचं सगळं खणणं बादलीने पाणी उपसत झालं. पुरुषभर खोली भरली तेव्हा काका शिडीने वर आले आणि शिडी वर ओढून घेतली.

साहेब अकरा वाजता आले. काठापासून चार पावलं मागेच थांबून म्हणाले, "इथूनही दिसतंय की."

"बघायचं नाहीये, मोजायचंय," ताई म्हणाली.

गावातल्या दोघांनी बगलेत धरून साहेबांना खाली सोडलं. गाळाने एक बूट तिथल्या तिथे गिळला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. साहेबांनी टेप लावला, वही भिंतीला टेकवली आणि लिहिलं: साडेतीन फुटांवर पाणी, जागा अयोग्य, येथे मार्ग बदलावा, उरलेले नऊ खड्डे पुन्हा खणावेत. खाली सही केली. नोकरीत इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी लिहिलं होतं.

वही वर आली. ताईने दोनदा वाचली आणि पदराखाली धरली.

साहेब आता चारही भिंती चाचपडत होते. निसरड्या मातीला हात लागायचा आणि सुटायचा. "अहो, ती तुमची पायरी कुठे आहे?"

काका गवताने पहार पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मशीनच्या खड्ड्याला पायरी नसते, साहेब."