डबल ड्यूटीची झोप

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा मी झोपलो होतो. एवढं साधं वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही कोर्टात, शपथेवर. मधल्या काळात त्या बोटांबद्दल मी जे काही बोललो ते आठवलं की आजही गोधडी डोक्यावर ओढून घ्यावीशी वाटते.

आमचं गाव देवळीजवळ. आयटीआयचा फिटर झालो आणि एका ठेकेदारामार्फत गुजरातेत तेलाच्या विहिरी खोदण्याच्या कामावर लागलो. गावातल्या लोकांना वाटायचं, मी बादलीने तेल काढतो. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. उलट दर सुट्टीत ती विहीर थोडी थोडी खोल करत गेलो.

खरं काम असं. जमिनीत भोक पाडायला लोखंडी पाइप एकाला एक जोडत खाली सोडतात. ते जोड आवळायला माणसाएवढा अवजड चिमटा असतो, वरून तारेने टांगलेला. त्याला आम्ही टाँग म्हणायचो. टाँगवर दोघे जण समोरासमोर उभे राहतात, पायाखाली चिखल आणि तेल. चिमटा मशीनच्या जोरावर आवळला जातो, आणि मधे पाइप आहे की हात, हे त्याला कळत नाही. माझ्या समोर उभा राहायचा तो बिहारचा माणूस, माझ्याच वयाचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ.

त्या दिवशी रात्रपाळी संपली, पण बदलीच्या माणसांची गाडी आलीच नाही. सुपरवायझर म्हणाला, डबल करा. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणणाऱ्याला पुढच्या महिन्यात कोणी बोलावत नसे. सकाळी दहाच्या सुमारास, लख्ख उन्हात, उभ्या उभ्या माझा डोळा लागला आणि हात नको तिथे गेला. जाग आली ती माझ्याच ओरडण्याने. बिहारवाल्याने कॉलर धरून मला मागे खेचलं म्हणून दोन बोटांवर निभावलं. नाहीतर अख्खा हात गेला असता.

पण आमच्या गावात झोपेला इज्जत नाही. ‘झोपला तो संपला’ हे मी लहानपणापासून सकाळच्या चहाबरोबर ऐकत आलो. तेव्हा झोपेत बोटं गेली, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? दवाखान्यातून सुटून गाडीत बसलो आणि वर्धा येईपर्यंत दुसरी गोष्ट तयार केली. गाडी चार तास लेट होती, त्यामुळे गोष्ट अंमळ जास्तच चांगली झाली.

गावाने विहाराच्या अंगणात माझा सत्कार ठेवला. शाल दिली, गुलाबाचा गुच्छ दिला, तो मी मुद्दाम पट्टी बांधलेल्या हाताने घेतला. मग माइक हातात आला. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, माझा बिहारी साथीदार चिमट्यात सापडणार होता. साहेबांचा कडक आदेश होता की इशारा झाल्याशिवाय हात घालायचा नाही. पण माणसाच्या जिवापुढे आदेश कसला? मी तो आदेश जाणूनबुजून मोडला आणि हात घातला. टाळ्या पडल्या. बायकोने डोळ्याला पदर लावला. मलाही थोडं भरून आलं, म्हणजे बघा.

कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. व्हिडिओ छान निघाला. इतका छान की तो मी स्वतः सुपरवायझरला पाठवला, खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकून.

ठेकेदाराने दवाखान्याचं बिल भरून हात वर केले होते. बायको म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाले काही भरपाई भेटत नाई का? म्हणून वर्ध्याला एका वकील बाईंकडे गेलो. बाई आमच्या ओळखीतल्या, तोंडाने फटकळ. त्यांनी धीर दिला. म्हणाल्या, कामावर इजा झाली तर कायद्याने भरपाई द्यावी लागते. ठेकेदार हात झटकत असेल तर वरची कंपनीही सुटत नाही. केससाठी गुजरातेत खेटे घालायला नकोत, राहतो तिथल्या कोर्टात लावता येते. फक्त दोन वर्षांच्या आत लावायची. कामगाराची थोडी चूक असली तरी हक्क जात नाही. दारू प्यायला असेल किंवा सुरक्षेचा आदेश त्याने मुद्दाम मोडला असेल, तर मात्र पंचाईत. मी म्हणालो, छे, त्यातलं काहीच नाही. आणि मी तसं अगदी मनापासून म्हणालो.

बाईंनी केस लावली. पुढच्या तारखेला ठेकेदाराचं उत्तर आलं. त्यासोबत माझं भाषण होतं, शब्द न् शब्द उतरवलेलं. ‘जाणूनबुजून’ या शब्दाखाली रेघ.

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. “हे तुमी बोलले?”

“हो.”

“आन् त्याइले कोणं पाठवलं?”

मी खिडकीबाहेर बघितलं. बाई काय समजायचं ते समजल्या. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, आता खरं सांगा, नाहीतर दुसरा वकील पाहा. मी सांगितलं. रात्रपाळी, न आलेली गाडी, झोप.

बाईंनी पेन खाली ठेवला. “हे आधी काऊन नाई सांगतलं?”

“लाज वाटली.”

“लाज त्याइले वाटाले पाह्यजे, ज्याइनं दोन पाळ्या उभं ठेवलं. तुमच्या केसमध्ये कामाची गोष्ट येवढी एकच हाय, आन् थेच तुमी लपवून राह्यले.”

आता साक्षीदार हवा होता. बिहारवाला अजून त्याच ठेकेदाराकडे होता. मी भीत भीत फोन केला. त्याने एवढंच विचारलं, “कब आना है?”

साक्षीच्या आदल्या दिवशी तो वर्ध्याला उतरला. घरी आणला तर अर्धं गाव त्याला बघायला जमलं. आमच्या माणसाने वाचवलेला तो हाच, असं म्हणत लोक त्याची पाठ थोपटून गेले. जेवायला बसलो तेव्हा बायको त्याच्या ताटात भाकर वाढत तिच्या हिंदीत म्हणाली, “भैया, इन्होंनेच आपकी जान बचाई ना? खाओ, पेट भरके खाओ.”

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वरणात काहीतरी शोधत होतो. तो म्हणाला, “हाँ भाभी, बचाई.” आणि जेवत राहिला. मला तेव्हा जमिनीने पोटात घेतलं असतं तर मी तक्रार केली नसती.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी त्याला दबक्या आवाजात सगळं सांगितलं, माफी मागितली. तो हसला आणि खिडकीला डोकं टेकून बसला. बायको पुढच्या सीटवर होती. तिला सांगायचं धैर्य मला देवळी ते वर्धा काही झालं नाही. तिने ते कोर्टातच ऐकलं.

माझी साक्ष आधी झाली. ठेकेदाराच्या वकिलाने व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, हा तुम्हीच ना? मी म्हणालो, हो, पण हे खोटं आहे. मी आदेश मोडला नाही. मी कोणाला वाचवलंही नाही. मी झोपलो होतो. त्या साथीदारानेच मला मागे ओढलं. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बायकोकडे मी पाहिलं नाही.

मग बिहारवाल्याची पाळी आली. त्याने डबल ड्यूटीचं सांगितलं, गाडी न आल्याचं सांगितलं. ठेकेदाराचा वकील हुशार होता. तो म्हणाला, “ड्यूटी दोघांची सारखीच. हा झोपला, तुम्ही जागे राहिलात. मग यात ड्यूटीचा काय दोष? दोष तर याचाच ना?”

बिहारवाल्याने दोन्ही हात कठड्यावर ठेवले. मग म्हणाला, “मैं भी सोया था, साहब. इसकी चीख से आँख खुली. उसके पहले का मेरे को कुछ याद नहीं.”

कोर्टात कोणी हसलं नाही. मी दीड वर्ष समजत होतो की तो जागा होता आणि मी एकटाच नालायक. माझ्यासारखीच लाज त्यानेही पोटात ठेवली होती. फक्त त्याने तिच्यावर भाषण केलं नाही.

स्टेशनवर त्याला सोडायला गेलो. म्हणालो, हे बोलला नसतास तर चाललं असतं, आता तुझी नोकरी धोक्यात येईल. तो म्हणाला, “एक सोया तो उसकी गलती. दोनों सोए तो ड्यूटी की गलती. वकील वही पूछ रहा था ना?” जाताना बायकोने त्याला प्रवासासाठी भाकरीचा डबा दिला आणि वाकून नमस्कार केला. माझ्याशी ती आठ दिवस बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

निकाल माझ्या बाजूने लागला. तो कळवायला मी फोन केला तेव्हा त्याला कामावरून काढलेलं होतं. कारण लेखी दिलं होतं: ड्यूटीवर झोपतो, स्वतः कबूल केलं आहे. ज्या वाक्याने माझी केस उभी राहिली, त्याच वाक्याने त्याची रोजीरोटी गेली. फोन ठेवून मी रडलो. बायकोने पाहिलं आणि रडू दिलं.

वकील बाई म्हणाल्या, साक्ष दिली म्हणून काढलं असेल तर त्याविरुद्धही लढता येतं. गुजरातेत त्याने केस लावली आहे. पुढच्या महिन्यात साक्ष द्यायला मी जातो आहे. बाईंनी विचारलं, “तिथं काय सांगसान?”

म्हटलं, आम्ही दोघंही झोपलो होतो.