तांदळाची नोंद

साताऱ्याहून बोरिवलीच्या एसटीत बसले तेव्हाच माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. घरखर्चाच्या पाहणीसाठी कागदी वह्या घेऊन मी आजवर खेडोपाडी हिंडले आहे. घरात वही ठेवायची, त्यांनी रोजचा खर्च लिहायचा, महिन्याने ती परत आणायची, एवढेच काम. आता वहीच्या जागी मोबाइल आला. खर्च नुसता बोलायचा, मोबाइल तो लिहून घेतो, मोठ्याने वाचून दाखवतो आणि आमच्या कार्यालयात पाठवतो. हे प्रकरण चालते का, ते मुंबईच्या उपनगरांत तपासायचे होते. कुणी जरा रिकामे दिसले की त्याला लांब पिटाळायचे, हा आमच्या साहेबांचा जुनाच खाक्या.

बोरिवलीला मावसबहिणीकडे उतरले. तिच्या गॅलरीतून राष्ट्रीय उद्यानाची टेकडी दिसते. "बिबट्या येतो गं कधी कधी खाली," ती म्हणाली. मला मात्र प्रवासाने बिबट्याला घाबरण्याइतकेही त्राण उरले नव्हते. मी जेवले आणि आडवी झाले.

दुसऱ्या दिवशी अंधेरी. नवराबायको दोघेही नोकरी करणारे. बाई दारातच म्हणाल्या, "मॅडम, आम्ही सगळं फोनवरूनच मागवतो ना! फोनला सगळं माहितीये, त्यालाच विचारा की!" तरी त्यांनी आग्रहाने पोहे खाऊ घातले. तेही फोनवरूनच मागवलेले होते. तिथून मेट्रोने घाटकोपर. वाटेत डब्यातून लोकांच्या गच्च्या दिसतात, पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, निळे ताडपत्रीचे तुकडे. घाटकोपरचे घर गडबडीचे, पण नोंदी चोख. खाऊगल्लीत चीज घातलेला डोसा खाल्ला आणि त्याने रात्रभर पोटात ठाण मांडले.

सकाळी साहेबांचा फोन. "मुलुंडचं घर लाल दाखवतंय. मालवणी माणसं, दोन वेळा भात खाणारी. मासळी लिहिलीय, नारळ लिहिलाय, कोथिंबीरसुद्धा लिहिलीय. तांदूळ एकदाही नाही. बघून या."

मुलुंडला जाणारी बस रस्ताभर रखडत होती. टोलनाक्याच्या अलीकडे उतरून रिक्षा केली. "रस्ता खोदलाय ताई, वाट लागलीय सगळ्याची," रिक्षावाला म्हणाला आणि मला दोन गल्ल्या आधीच सोडून निघून गेला. उन्हात चालत, विचारत विचारत परबांचे घर गाठले.

दार परबवहिनींनी उघडले. घरात त्यांचे सासरे, गिरणीतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे, बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेले. नमस्कार चमत्कार झाले आणि मी नको नको म्हणत असतानाच पान वाढले गेले. तळलेले बोंबील, सोलकढी आणि वाफाळता लालसर उकडा भात. म्हातारबाबा माझ्या ताटाकडे बघत होते.

"खा गे चेडवा (मुली). भात घे वाईच (थोडा). आमच्या शेतातलो तांदूळ आसा. जल्मात कधी इकत घेवक नाय."

मला हायसे वाटले. घरच्या शेतातला माल लिहायला मोबाइलमध्ये सोय आहे, नोंद केली की सुटले. हात धुवायला आत गेले आणि वहिनींना तसे सांगितले. त्यांनी स्वयंपाकघराचे दार लोटले आणि माझा हात धरला.

"शेत पड पडलंय हो. कसणारा दीर गोव्याला गेला नोकरीला. दोन वर्षं झाली. मी दुकानातून उकडा आणते आणि गावच्या गोणीत ओतते. त्यांना कळलं ना, तर ते जेवायचेच नाहीत. शेत आहे म्हणून तग धरून आहेत. म्हणून मी तांदूळ बोललेच नाही फोनमध्ये."

"नका बोलू," म्हणायला हवे होते. पण मला ते लाल घर संपवून बोरिवलीला जाऊन पडायचे होते. "हळूच बोला, कुणाला ऐकू जात नाही," मी म्हणाले. त्यांनी मोबाइलचा आवाज बंद करून ठेवला होता. बोललेले नीट उमटले की नाही ते ऐकायला तो मीच चालू केला. वहिनी पुटपुटल्या आणि मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, "तांदूळ. दहा किलो. दुकानातून विकत घेतला. बरोबर?"

बाहेर खाट करकरली. "हो" म्हणायचे राहूनच गेले. आम्ही दार उघडले तेव्हा म्हातारबाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. वहिनींनी "बाबा" म्हणून हाक मारली. ते वळले नाहीत. मी चपला घालीपर्यंत वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

परतीच्या एसटीत मी कानाला इयरफोन लावले. नव्या नोंदी ऐकून तपासणे हेही माझेच काम. घाट चढताना मुलुंडची नोंद आली. आवाज वहिनींचा नव्हता.

"दुकानातसून तांदूळ हाडलो (दुकानातून तांदूळ आणला)," म्हातारबाबा म्हणाले.

"समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

"तांदूळ. दुकानातलो. शेतातलो न्हय (नव्हे)."

"समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

मागे वहिनी म्हणत होत्या, "बाबा, असू दे, मी करते." मग खोकल्याचा आवाज. आणि मग गिरणीतल्या साहेबांसमोर उभे राहून बोलावे तसे, एकेक शब्द सुटा करून, "तांदूळ विकत घेतला."

"नोंद झाली. धन्यवाद."

मुलुंडचे घर हिरवे झाले. साहेबांचा निरोप आला, "झकास! न समजलेल्या दोन नोंदी तेवढ्या पुसून टाका." मुंबईत काय पाहिले असे घरी विचारतील, त्यांना मेट्रो आणि बिबट्याची टेकडी सांगेन. मोबाइल चालतो, असेही अहवालात लिहीन. त्या दोन नोंदी मात्र मी पुसल्या नाहीत. मला त्या समजल्या होत्या.